शेळीला मेंढीचा डोस नको, आणि डोळे झाकून डबलही नको

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरातलं पशुपालनाचं पान मी नेहमी वाचतो, त्यात कामाची माहिती असते यात वाद नाही. पण जंतनाशकाचा विषय निघाला की दरवेळी एक ठरलेली ओळ असते, "शेळ्या-मेंढ्यांना दर किलो वजनाला अमुक मिलिग्रॅम". जनावरं दोन आणि आकडा एक. फक्त तुमच्याच पेपरात असं नाही, मोबाईलवर फिरणाऱ्या तक्त्यात, औषधाच्या पत्रकात, शेळीपालनाच्या ट्रेनिंगच्या वहीत सगळीकडे हेच. माझ्याकडे दोन्ही जनावरं आहेत म्हणून मला हे जास्त खटकतं, आणि तुमचा पेपर लांब लांब पोचतो म्हणून तुम्हालाच लिहितोय.

मूळ मुद्दा असा की एकच औषध, किलोमागे तेवढंच, मेंढीला पाजलं आणि शेळीला पाजलं तर दोघींच्या अंगात त्याचं सारखं होत नाही. शेळीचं लिव्हर बरीचशी जंतनाशकं मेंढीपेक्षा जास्त वेगाने फोडतं आणि बाहेर टाकतं, त्यामुळे रक्तातली पातळी कमी राहते आणि लवकर उतरते. अल्बेंडाझोलचंच बघा. पोटात गेलं की लिव्हरमध्ये त्याचं सल्फॉक्साइड बनतं, जंत मारायचं बरंचसं काम ते करतं, आणि मग त्याचं पुढे सल्फोन होतं जे जंतांना काहीच करत नाही. शेळीत ही दुसरी पायरी पटकन होते. आणि या गटातल्या औषधांचं, म्हणजे अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल वगैरेंचं, वैशिष्ट्य असं की ती जंताला एका फटक्यात मारत नाहीत, जंताच्या पेशीतलं ट्युब्युलिन नावाचं प्रोटीन बिघडवतात, त्याला अन्न घेता येत नाही आणि तो हळूहळू मरतो. म्हणजे औषध जंताभोवती किती वेळ राहिलं यावर सगळा खेळ. शेळीत तो वेळच मिळत नाही. औषध आलं, थोडे जंत मेले, थोडे नुसते गुंगले, आणि औषध गेलंसुद्धा.

आयव्हरमेक्टिन, मॉक्सिडेक्टिन या गटाचं काम वेगळं, ती जंताच्या नसा आणि स्नायू लुळे पाडतात, चरबीत साठून राहतात म्हणून अंगात बरेच दिवस टिकतात. पण तीही शेळीत मेंढीपेक्षा कमी टिकतात. म्हणजे गट कुठलाही घ्या, शेळी औषध लवकर संपवते हे बहुतेक ठिकाणी खरं ठरतं.

असं का, याचं कारण मला तरी फार पटण्यासारखं वाटतं. मेंढी मुळात गवत खाणारी, मान खाली घालून जमिनीलगत चरणारी. शेळी मान वर करून झुडपाचा पाला, शेंगा, कोवळे शेंडे खाणारी, मागच्या पायांवर उभी राहून फांदी ओढणारी. झाडपाल्यात टॅनिन असतात, कडवट आणि थोडीफार विषारी द्रव्यं असतात, झाड स्वतःच्या बचावासाठीच ती बनवतं. हजारो पिढ्या असा पाला पचवत आल्यामुळे शेळीच्या लिव्हरला परकं रसायन दिसलं की फोडायची सवय लागली असं जाणकार मानतात, आणि आपलं औषध हेही त्या लिव्हरच्या दृष्टीने एक परकं रसायनच. आता दुसरी बाजू बघा. जंतांच्या अळ्या बहुतेक करून गवतावर जमिनीपासून 10 सेंटीमीटरच्या आत असतात. उंचावरचा पाला खाणाऱ्या शेळीच्या पोटात त्या फारशा जातच नव्हत्या, त्यामुळे जंतांशी झुंजायची ताकद तिच्यात मेंढीइतकी तयार झाली नाही. मेंढीचं कोकरू वर्षभराचं होईस्तोवर बऱ्यापैकी तग धरायला शिकतं, शेळी मात्र मोठी झाली तरी कच्चीच राहते. अशा जनावराला आपण कुंपणात किंवा गवताच्या तुकड्यावर मेंढीसारखं खाली मान घालून चरायला लावतो. म्हणजे अंगात जंत जास्त शिरणार, त्यांना आवरायची ताकद कमी, आणि वरून दिलेलं औषधही लवकर संपणार. तिन्ही बाजूंनी तीच मार खाते, आणि तिलाच आपण मेंढीच्या मापाने औषध पाजतो.

ज्यांनी हिमॉन्कसचा झपाटा बघितलाय त्यांना हे कागदावरचं वाटणार नाही. हा चौथ्या पोटात, म्हणजे अबोमेजममध्ये, चिकटून रक्त पिणारा जंत. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त घालवतो असं धरतात, ऐकायला काहीच नाही वाटत, पण पोटात हजार जंत असले की रोजचं 50 मिली झालं, आणि हजार म्हणजे काही अचाट आकडा नव्हे. मादी रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. ऊबदार ओलं हवामान मिळालं की अंडं, अळी, परत पोटात, परत अंडी, ही फेरी तीन आठवड्यांच्या आसपास पूर्ण होते. जनावराच्या पापण्या पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी उतरतं, बरं यात हगवण लागतेच असं नाही म्हणून मालक गाफील राहतो, आणि एका सकाळी करडू उठतच नाही. मग लोक म्हणतात "औषध तर पाजलं होतं". पाजलं होतं खरं, पण मेंढीच्या मापाने.

आणि कमी डोसचं नुकसान त्या एका शेळीपुरतं राहिलं असतं तरी एक वेळ समजलो असतो. कमी डोसात कच्चे जंत मरतात, जरा चिवट असतात ते वाचतात, आणि पुढची सगळी अंडी त्या चिवटांचीच पडतात. पुन्हा तोच कमी डोस, पुन्हा तीच निवड. काही वर्षांत पूर्ण डोसालाही दाद न देणारे जंत कुरणावर पसरतात. शेळी आणि मेंढीचे हे जंत वेगवेगळे नाहीत, तेच आहेत. शेळीच्या पोटात तयार झालेला निगरगट्ट जंत लेंडीतून गवतावर येतो आणि मेंढीच्या पोटात जातो, मग मेंढीला अगदी बरोबर मापाने दिलेलं औषधही वाया. म्हणून ज्यांच्याकडे फक्त मेंढ्याच आहेत त्यांनीही हा शेळीवाल्यांचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये, कुरण एक असेल तर हा त्यांचाही प्रश्न आहे.

हे आधी घडून गेलेलं आहे. थायाबेंडाझोल हे अल्बेंडाझोलच्या गटातलं पहिलं औषध 1961 साली आलं आणि 1964 पर्यंत मेंढ्यांमध्ये त्याला न जुमानणारे जंत सापडल्याची नोंद झाली. आयव्हरमेक्टिन 1981 ला जनावरांसाठी बाजारात आलं, त्याच्या शोधासाठी 2015 चं नोबेल मिळालं, इतकं मोठं औषध, पण पहिलं दशक संपायच्या आत त्यालाही दाद न देणारे जंत निघाले. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकात शेळीपालन जोरात वाढलं, शेळ्यांना मेंढीचेच डोस दिले गेले, आणि रेझिस्टन्स, म्हणजे जंतांनी औषधाला दाद न देणं, शेळ्यांच्या कळपात लवकर आणि जोरात दिसू लागला. मोनेपँटेल नावाचं अगदी नवीन गटाचं औषध 2009 ला न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांसाठी आलं, आणि ते निकामी ठरल्याची पहिली बातमी काही वर्षांतच तिथल्याच शेळ्या पाळणाऱ्या फार्मवरून आली. नवीन औषध शोधायला किती वर्षं लागतात आणि ते घालवायला किती कमी लागतात हे बघितलं की जीव हळहळतो.

आता हे वाचून कोणी म्हणेल, मग सोपं आहे, शेळीला सगळं डबल द्यायचं. कृपया असं करू नका, आणि तुम्हीही असं छापू नका साहेब. "शेळीला डबल" हा निरोपही आजकाल फिरतो आणि तो अर्धाच खरा आहे. औषधागणिक हिशोब वेगळा आहे.

अल्बेंडाझोल मेंढीला किलोमागे 7.5 मिलिग्रॅमपर्यंत देतात, शेळीला दुप्पट म्हणजे 15 च्या आसपास सुचवतात, फेनबेंडाझोल मेंढीला 5 तर शेळीला 10. या गटाची सुरक्षा बरीच मोठी आहे म्हणून दुप्पट चालतं. पण अल्बेंडाझोल गाभण काळाच्या पहिल्या महिन्यात द्यायचं नाही म्हणजे नाही, पोटातल्या पिल्लात व्यंग येऊ शकतं, आणि डोस वाढवल्यावर तर ही काळजी आणखीच घ्यायची. कळपात नर सोडलेला असेल तर कुठली मादी कधी भरली हे आपल्याला नक्की माहीत नसतं, तेव्हा त्या दिवसांत हे औषध बाजूलाच ठेवलेलं बरं. आयव्हरमेक्टिन तोंडावाटे मेंढीला 0.2, शेळीला 0.4, मॉक्सिडेक्टिन तोंडावाटे द्यायचं तरी हाच हिशोब.

लेव्हामिसोलचं मात्र तसं नाही. ते मेंढीला साधारण 7.5 ते 8 आणि शेळीला 12, म्हणजे दीडपट, त्याच्या पुढे जायचं नाही. हे औषध जंताच्या नसांवर काम करतं तसंच प्रमाण चुकलं की जनावराच्या नसांवरही करतं, लाळ गळते, अंग थरथरतं, जनावर बिथरतं, जास्त झालं तर श्वास बंद पडून मरतं. औषध आणि विष यांच्यातलं अंतर इथे फार कमी आहे. म्हणून लेव्हामिसोल द्यायचं तर वजन काट्यावर करूनच, विशेषतः करडांना, आणि इंजेक्शनपेक्षा तोंडावाटे बरं.

क्लोझँटेलचं तर आणखी वेगळं. ते रक्तातल्या प्रोटीनला चिकटून राहतं आणि रक्त पिणाऱ्या जंतांना गाठतं, मेंढीत त्याचं अर्धं प्रमाण उतरायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात तर शेळीत पाचेक दिवसच. म्हणजे शेळीत संरक्षण कमी दिवस मिळतं. पण म्हणून डोस वाढवायचा नाही, कारण जास्त झालेलं क्लोझँटेल डोळ्याचा पडदा आणि डोळ्याची नस खराब करतं, जनावर कायमचं आंधळं होतं, मेंढीही आणि शेळीही. औषध लवकर संपतं म्हणून जास्त द्या, हा नियम इथे लावला की घात झाला.

आणि एक उलटं उदाहरणही सांगतो. हिमॉन्कससाठी काही ठिकाणी तांब्याच्या ऑक्साइडचे बारीक तुकडे कॅप्सूलमधून देतात. शेळी तांबं बऱ्यापैकी सहन करते, मेंढी करत नाही, तिच्या लिव्हरमध्ये ते साठत जातं आणि एक दिवस विषबाधा होते. म्हणजे इथे शेळीचं माप मेंढीला लावणं धोक्याचं. दोन जनावरांच्या शरीराची घडणच वेगळी आहे, कोण कशाला नाजूक हे प्रत्येक औषधाला नव्याने बघावं लागतं.

पाजायच्या पद्धतीवरही बरंच अवलंबून आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही म्हणून थोडं सांगतो. औषध जिभेच्या मागच्या भागावर, हळू, ड्रेंचिंग गनने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने सोडायचं. तोंडाच्या पुढच्या भागात ओतलं की काही जनावरांच्या अन्ननलिकेची खाच मिटते आणि औषध मोठ्या पोटात न जाता सरळ चौथ्या पोटात उतरतं. मोठं पोट हे अल्बेंडाझोलसारख्या औषधाचं साठवणीचं ठिकाण, तिथून ते थोडं थोडं झिरपत राहायला पाहिजे, ते चुकलं की आधीच घाई करणाऱ्या शेळीत औषध आणखी लवकर संपतं. याच गटासाठी आदल्या रात्री वैरण बंद ठेवली, पाणी चालू, तर औषध पोटात जास्त वेळ थांबतं आणि जास्त लागू पडतं. दिवस भरत आलेली गाभण शेळी आणि अशक्त जनावर मात्र उपाशी ठेवू नये. 12 तासांनी दुसरा डोस द्यायची पद्धतही याच गटासाठी आहे, कारण इथे वेळ महत्त्वाचा. लेव्हामिसोलला हे लावू नका.

वजनाचं तर विचारूच नका. नजरेने वजन काढणारे बहुतेक जण कमीच काढतात, आणि कळपाचं सरासरी वजन धरलं की निम्म्या जनावरांना आपोआप कमी डोस जातो. सारख्या वजनाचे गट करा आणि गटातल्या सर्वात जड जनावराच्या मापाने द्या, लेव्हामिसोल आणि क्लोझँटेल सोडून, तिथे प्रत्येकाचं स्वतंत्र. बाटलीवरचे टक्केही वाचा. 2.5 टक्के अल्बेंडाझोल म्हणजे एका मिलीत 25 मिलिग्रॅम. 30 किलोच्या मेंढीला 7.5 ने 225 मिलिग्रॅम म्हणजे 9 मिली, तेवढ्याच वजनाच्या शेळीला 15 ने 450 म्हणजे 18 मिली. बाटली 10 टक्क्यांची असेल तर हाच 18 मिलीचा आकडा चौपट औषध देईल. "एवढे मिली द्या" असं टक्के न सांगता जो कोणी सांगतो त्याचं ऐकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं म्हणजे दर ठरावीक महिन्यांनी सगळ्या कळपाला सरसकट पाजायची पद्धत आता सोडायला हवी. कळपातली थोडीच जनावरं, साधारण पाचातलं एखादं, बहुतेक जंत अंगावर वागवत असतात. दक्षिण आफ्रिकेत फमाचा नावाचं रंगाचं कार्ड तयार झालं, खालची पापणी उलटून आतला रंग कार्डावरच्या पाच रंगांशी ताडायचा, 1 म्हणजे लालभडक आणि 5 म्हणजे पांढरंफटक. इथेसुद्धा दोघींचा हिशोब वेगळा आहे, धडधाकट मोठ्या मेंढीत 4 आणि 5 ला औषध देतात, शेळीत 3 लाच द्यायला सांगतात, कारण ती पटकन ढासळते. हे कार्ड फक्त रक्त पिणाऱ्या जंतासाठी, बाकीच्या जंतांचं ते काही सांगत नाही, आणि बघायचं ते दिवसाच्या उजेडात. ज्यांना गरज नाही त्यांना औषध दिलं नाही की त्यांच्या पोटातले साधे, औषधाला दबणारे जंत कुरणावर शिल्लक राहतात आणि चिवट जंतांची गर्दी होऊ देत नाहीत.

औषध लागू पडतंय का हे बघायला लेंडी तपासणी आहे, औषधाआधी अंडी मोजायची आणि 10 ते 14 दिवसांनी परत मोजायची, घट 95 टक्क्यांपेक्षा कमी आली तर रेझिस्टन्सचा संशय धरतात. पण शेळीला मेंढीच्या मापाने पाजून ही तपासणी केली तर निकालाचा अर्थच लागत नाही, जंत निगरगट्ट झालेत की औषध कमी पडलं ते कळायचं कसं? चांगलं चालणारं औषध बाद केलं जातं आणि मालक पुढच्या गटाकडे वळतो, तेही परत कमी मापानेच.

लेबलवर शेळीचा डोस का नसतो, असं लोक विचारतात. औषध एखाद्या जनावरासाठी मंजूर करून घ्यायला त्या जनावरावर वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात, त्याला खर्च येतो, आणि जगात कित्येक ठिकाणी कंपन्यांनी मेंढीसाठी तेवढं केलं, शेळीसाठी केलं नाही. म्हणून शेळीचा वाढीव डोस बऱ्याचदा लेबलच्या बाहेरचा असतो आणि तो जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच द्यायचा. त्यात आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती दुधाची. लेबलवर औषधानंतर दूध आणि मटण किती दिवस वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं, पण तो आकडा लेबलवरच्या डोसाचा. डोस वाढवला की तो आकडा लागू राहत नाही, नवीन मुदत डॉक्टरांकडून घ्यावी लागते. मॉक्सिडेक्टिनसारखं चरबीत मुरणारं औषध दुभत्या शेळीला देताना तर नक्कीच, कारण ते दुधात उतरतं आणि ते दूध घरातली लहान मुलं पितात.

म्हणून माझी विनंती आहे की पुढच्या वेळी जंतनाशकाचा तक्ता छापाल तेव्हा मेंढीचा रकाना वेगळा आणि शेळीचा वेगळा ठेवा, डोस किलोमागे मिलिग्रॅममध्ये द्या आणि मिली लिहायचेच असतील तर बाटलीच्या टक्क्यांसकट लिहा, लेव्हामिसोल आणि क्लोझँटेलच्या पुढे धोक्याची सूचना ठळक टाका, अल्बेंडाझोलपुढे गाभण जनावराची. जागा कमी पडत असेल तर सुरुवातीचं वर्णन कापा, पण हा रकाना कापू नका, लोक पान फाडून गोठ्यात चिकटवतात आणि पुढची कित्येक वर्षं त्याच आकड्याने औषध पाजतात.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक शेळी-मेंढीपालक